आदिमतेची घडण : पॉल गोगँचे काष्ठठसे, कोरीवकाम आणि माध्यमप्रयोग

१

एकाच लाकडी ठशावरून काढलेल्या तीन प्रती शेजारी शेजारी मांडल्या, तर त्या सारख्याच दिसाव्यात, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. एका वस्तूच्या अनेक सारख्या प्रती काढता याव्यात म्हणूनच तर मुद्रणाचा खटाटोप. पॉल गोगँ (१८४८–१९०३) ह्या फ्रेंच चित्रकाराने १८९३–९४ च्या सुमारास पॅरिसमध्ये कोरलेल्या ‘नोआ नोआ’ ह्या दहा काष्ठठशांच्या मालिकेपुढे मात्र ही अपेक्षा टिकत नाही. ह्या ठशांवरून प्रथम स्वतः गोगँने प्रती काढल्या. त्यानंतर लुई र्वा ह्या त्याच्या परिचित चित्रकाराने प्रत्येक ठशाच्या सुमारे पंचवीस ते तीस प्रती छापल्या. आणि गोगँच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, १९२१ मध्ये, त्याचा मुलगा पोला ह्याने कोपनहेगन येथे प्रत्येकी शंभर प्रतींची आवृत्ती काढली. ठसे तेच. परंतु गोगँच्या हातच्या प्रतींत आकृती तपकिरी-काळ्या धूसर अंधारातून अर्धवट वर येताना दिसतात, र्वाच्या प्रतींत दाट काळ्या शाईखाली आणि नारिंगी-पिवळ्या रंगांच्या पट्ट्यांत बारीक रेषा बुजून गेलेल्या आहेत, तर पोलाच्या प्रतींत कोरणीचा प्रत्येक ओरखडा स्वच्छ पांढऱ्या रेषेत उमटलेला आहे.

मग ह्यांतील खरे ‘नोआ नोआ’ कोणते? कर्त्याच्या हातची प्रत खरी, असे उत्तर कोणीही चटकन देईल. आणि ते चुकीचेही नाही. परंतु त्यावर थांबल्यास एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून निसटते. सर्वांत स्पष्ट, सर्वांत निर्दोष आणि ठशाशी सर्वांत प्रामाणिक अशी प्रत पोलाचीच आहे; आणि तरीही जिला आपण ह्या चित्रांतील ‘आदिम गूढता’ म्हणतो, ती नेमकी तीतच सर्वांत कमी आढळते. ह्याचा अर्थ असा की, ती गूढता ठशात कोरलेली नव्हती. ती छापण्याच्या क्रियेत, शाईच्या कमीअधिकपणात आणि दाबाच्या असमानतेत घडवली जात होती. गोगँने ताहितीहून आदिमता आणली, हे विधान कलेतिहासाच्या पुस्तकांत वारंवार भेटते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ती त्याला ताहितीत सापडलेली नव्हती; लाकूड, माती, जस्त, शाई आणि कागद ह्यांच्यावर विशिष्ट प्रक्रिया करून त्याने ती निर्माण केली. त्याचे माध्यमप्रयोग हा ह्या निर्मितीचा गाभा असून, केवळ चित्रकाराचा फावल्या वेळचा छंद म्हणून त्यांच्याकडे पाहणे युक्त होणार नाही.

२

गोगँला चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण मिळाले नव्हते. बालपणीची काही वर्षे पेरू देशातील लिमा येथे, तरुणपणी जहाजावरील नोकरी, त्यानंतर पॅरिसच्या शेअरबाजारात काम आणि उरलेल्या वेळात चित्रकला, असा त्याचा पूर्वेतिहास आहे. शिक्षणाच्या ह्या अभावाचा एक परिणाम असा झाला की, ‘उच्च’ कला आणि कारागिरी ह्यांच्यामधील भिंत त्याने कधी फारशी मानली नाही. १८८६–८७ च्या हिवाळ्यात त्याने अर्नेस्त शाप्ले ह्या निष्णात कुंभकाराच्या भट्टीत काम केले. शाप्लेचे भांडे चाकावर चढे आणि त्याला घाटाची शुद्धता येई. गोगँने मात्र चाक बाजूस सारून हातानेच माती रचली, वळकट्यांवर वळकट्या चढविल्या, भांड्याला मध्येच एखादी आकृती, एखादे तोंड, एखादी फांदीसारखी मूठ फोडली. आईच्या संग्रहातील प्राचीन पेरूच्या मृत्पात्रांची स्मृती ह्यामागे असावी. १८८९ मध्ये त्याने स्वतःच्याच मस्तकाच्या आकाराचा एक कुंभ केला. डोळे मिटलेले, कान नाहीत, आणि छाटलेल्या मानेवरून रक्ताप्रमाणे ओघळलेली तांबडी झिलई. येथे झिलई ही पात्राचे शोभन म्हणून येत नाही. भट्टीच्या उष्णतेत ती वितळून ओघळते हा तिचा भौतिक गुणच अर्थाचे वहन करतो. द्रव्याच्या स्वभावाकडून आशय वदवून घेण्याची ही रीत पुढे काष्ठठशांत पूर्णत्वाला गेली.

ब्रिटनीतील वास्तव्यात त्याने लाकूडही असेच हाताळले. पायांतील खडावांसारखे लाकडी जोडे, पिंप, हातातील काठी, जे हाती लागेल ते तो कोरी. १८८९ मधील ‘प्रेमात राहा, सुखी व्हाल’ आणि १८९० मधील ‘गूढ राहा’ ही दोन मोठी रंगविलेली उत्थित शिल्पे लिंडेनच्या मऊ लाकडात कोरलेली आहेत. त्यांवरील हत्याराच्या खुणा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत. लाकडाचा पोत, पटाशीचा घाव आणि रंगाचा पातळ हात ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांस दिसत राहतात.

१८८९ मध्येच त्याने मुद्रणाकडे पहिले पाऊल टाकले. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या आवारातील व्होल्पिनी ह्या कॅफेमध्ये त्याने व त्याच्या मित्रांनी आपली चित्रे मांडली. त्या प्रसंगी गोगँने मुखपृष्ठ धरून अकरा मुद्राचित्रांचा एक संच तयार केला. आपल्याकडील शिळाप्रेसवरच्या जुन्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ह्या तंत्राचे मूलतत्त्व परिचित आहे : चरबीयुक्त शाईने दगडावर काढावे, दगड ओला करावा, आणि पाणी व चरबी ह्यांच्या परस्परविरोधावर छपाई साधावी. गोगँने दगडाऐवजी जस्ताचा पत्रा घेतला आणि कागद भडक पिवळा निवडला. जस्तावर शाईचे पातळ हात काहीसे डागाळलेले, दाणेदार उमटतात. कुशल मुद्रक हे टाळू पाहतो, गोगँने ते राहू दिले. पिवळ्या कागदाने समासाची शांत पांढरी चौकटच नाहीशी केली. कलाकृतीला प्रतिष्ठा देणारे जे संकेत होते, तेच त्याने प्रथम मोडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३

ह्या पार्श्वभूमीवर तो जून १८९१ मध्ये ताहितीस पोहोचला. त्याच्या आगमनानंतर काही दिवसांतच पाचवा पोमारे हा तेथील शेवटचा राजा मरण पावला. पण जुनी ताहिती त्याच्या बरीच आधी लयास गेली होती. १७९७ मध्ये लंडनहून पहिले मिशनरी तेथे उतरले. १८१५ मध्ये दुसऱ्या पोमारेच्या विजयाबरोबर ख्रिस्ती धर्माचा पक्ष प्रबळ झाला आणि जुन्या देवस्थानांचा विध्वंस झाला. १८४२ मध्ये फ्रान्सचे संरक्षण आणि १८८० मध्ये पूर्ण वसाहत. गोगँ गेला तेव्हा स्त्रिया मिशनऱ्यांनी रूढ केलेले गळाबंद पायघोळ झगे घालीत आणि रविवारी प्रार्थनेस जात.

शिवाय, ज्या मूर्तींच्या शोधात तो होता तशा भव्य मूर्ती ताहितीच्या प्रमुख देवांच्या पूजेत मुख्य नव्हत्याच. तेथील श्रेष्ठ देवांची प्रतीके ‘तोओ’ म्हणून ओळखली जात : लाकडाचा एक दांडा, त्यावर नारळाच्या काथ्याचे घट्ट विणलेले वेष्टन आणि पिसे. त्यांचे पावित्र्य झाकलेपणात होते. १८१६ मध्ये पोमारेने आपल्या घराण्याचे असे देव मिशनऱ्यांच्या स्वाधीन केले आणि ते इंग्लंडला रवाना झाले. पंचाहत्तर वर्षांनी आलेल्या चित्रकाराला त्यांचे दर्शन घडण्याचा संभव नव्हता.

मग गोगँच्या चित्रांतील देव आले कोठून? ताहितीच्या प्राचीन धर्माविषयीची त्याची माहिती मुख्यतः मोरेनहाउट ह्याच्या १८३७ मधील फ्रेंच प्रवासग्रंथातून उतरलेली होती. त्या ग्रंथातील उतारे त्याने ‘प्राचीन माओरी पंथ’ ह्या नावाच्या आपल्या सचित्र वहीत उतरून घेतले. पुढे ‘नोआ नोआ’ ह्या प्रवासवृत्तात ही पुस्तकी माहिती त्याने आपल्या ताहितियन सहचारिणीच्या मुखी घातली. जणू ती त्याला रात्री अंथरुणावर देवांच्या कथा सांगत होती. रूपांची उसनवारीही अशीच विविध ठिकाणची आहे. मार्केझास बेटांवरील नक्षी, ईजिप्तमधील थडग्यावरच्या चित्राचे छायाचित्र आणि जावामधील बोरोबुदूरच्या शिल्पपटांची छायाचित्रे त्याच्या संग्रहात होती. १८९१ मधील ‘इआ ओराना मारिआ’ ह्या चित्रात ताहितियन स्त्रिया मेरीसमोर हात जोडून उभ्या आहेत. त्यांची ती अंजलिमुद्रा बोरोबुदूरच्या शिल्पातून घेतलेली आहे. भारतीय वाचकाला ती ओळखण्यास टीपेची गरज पडू नये.

कोरीव मूर्तींत हे मिश्रण अधिक उघड होते. १८९२–९३ च्या सुमाराची ‘शिंपल्याची मूर्ती’ लोहकाष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कठीण लाकडात कोरलेली आहे. मूर्तीच्या मागे प्रभावळीप्रमाणे मोत्याचा शिंपला बसवला आहे, तोंडात हाडाचे दात आहेत, आणि देव मांडी घालून बसला आहे. दुसऱ्या एका लहान मूर्तीत त्याने खरा मोती जडवला. तिचे लाकूड तामानु, म्हणजे आपल्या कोकणपट्टीवर वाढणारी उंडीच. बैठक बुद्धाची, दात नरभक्षकाच्या कल्पनेतले, लाकूड व शिंपला स्थानिक. असा हा देव ताहितीत कोणी कधी पुजला नव्हता. परंतु पाहणाऱ्यावर त्याचा परिणाम काय होतो? तो जुना वाटतो. आणि तो जुना वाटतो ह्याचे कारण त्याच्या पुराणकथेत शोधण्यापेक्षा त्याच्या द्रव्यांत शोधणे सयुक्तिक ठरेल. शिंपला, हाड आणि लाकूड ह्या वस्तू चित्रासारख्या काही ‘दाखवीत’ नाहीत. त्या प्रत्यक्ष हजर असतात. त्यांची ही हजेरीच आपण प्राचीनतेचा पुरावा म्हणून स्वीकारतो.

४

ऑगस्ट १८९३ मध्ये गोगँ फ्रान्सला परतला. नोव्हेंबरमध्ये द्युराँ-र्‍युएल ह्यांच्या दालनात त्याच्या ताहितियन चित्रांचे प्रदर्शन भरले. चर्चा झाली, पण त्याच्या अपेक्षेइतकी विक्री झाली नाही. चित्रांचे मर्म लोकांस कळावे म्हणून कवी शार्ल मोरीस ह्याच्या साहाय्याने एक पुस्तक लिहावे, असे त्याने ठरविले. ‘नोआ नोआ’ म्हणजे ‘सुगंधी’. दहा काष्ठठसे त्याने ह्या पुस्तकाच्या संदर्भातच कोरले. मात्र १९०१ मध्ये मोरीसने ते पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा त्यात ह्या ठशांना स्थान मिळाले नाही.

ह्या ठशांचे तांत्रिक वैशिष्ट्य समजण्यासाठी लाकडी ठशांच्या दोन पद्धतींतील भेद पाहिला पाहिजे. झाडाच्या खोडाचा उभा छेद घेऊन जी फळी निघते तीवर कोरताना तंतूंच्या दिशेचा अडथळा होतो, म्हणून रेषा ठसठशीत राहते. उलट, खोडाच्या आडव्या छेदावर, विशेषतः बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडावर, बारीक कोरणीने कोणत्याही दिशेला केसासारखी रेषा काढता येते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नियतकालिकांची चित्रे ह्या दुसऱ्या पद्धतीने छापली जात. धंदेवाईक कोरक शेकडो समांतर रेषांनी करड्या छटांचा आभास उत्पन्न करी आणि आपला हात चित्रात कोठेही दिसू देत नसे. १८९० च्या सुमारास छायाचित्राधारित यांत्रिक छपाईने हा धंदा संपुष्टात येऊ लागला होता.

गोगँने लाकूड निवडले ते ह्या मरू घातलेल्या धंद्याचे, सुमारे २० × ३५ सेंटिमीटर आकाराचे बॉक्सवुडचे ठोकळे. परंतु त्यांवर त्याने जे केले ते त्या धंद्याच्या शिस्तीविरुद्ध होते. खोलगट पात्याच्या पटाशीने मोठे भाग ओबडधोबड खोदले, सुईने अतिसूक्ष्म ओरखडे काढले, सँडपेपरने पृष्ठभाग खरवडला. ठशात जे कोरले जाते ते पांढरे राहते आणि जे शिल्लक राहते ते काळे उमटते. धंदेवाईक कोरक पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेचे चित्र कल्पून बाकीचे लाकूड काढून टाकी. गोगँने काळ्या पृष्ठापासून आरंभ केला आणि त्यात हळूहळू उजेड खरवडून काढला. ‘ते पो’ (रात्र), ‘मानाओ तुपापाउ’ (भुताचा वावर), ‘ते आतुआ’ (देव) ह्या चित्रांत रात्र हा विषयही आहे आणि ती चित्राची भौतिक पूर्वस्थितीही आहे. विषय आणि प्रक्रिया ह्यांची अशी एकरूपता त्याच्या तैलचित्रांत सहसा सापडत नाही. कॅन्व्हसवर अंधार रंगवावा लागतो. लाकडी ठशावर तो आधीच असतो.

ह्यानंतर छपाई. गोगँने बहुतेक प्रती छापखान्याच्या यंत्राविना, हातानेच दाब देऊन काढल्या. शाई सारखी पसरली नाही, तर ती पुसून पुन्हा लावली नाही. काही प्रतींत तोच ठसा दोन वेळा, दोन रंगांत, किंचित सरकवून छापला आहे. त्यामुळे आकृतीभोवती थरथरती दुहेरी कडा तयार होते. कोठे कापीव साच्याने रंग भरला आहे, कोठे जलरंगाचा हात फिरवला आहे, कोठे कागदच गुलाबी आहे. ह्याचा परिणाम असा की, एका ठशाच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत; एकीत दिसणारी मागची आकृती दुसरीत अंधारात बुडालेली असते. १८९४ मध्येच कोरलेल्या ‘ओव्हिरी’ (रानटी) ह्या विषयावरील ठशाच्या दोन भिन्न प्रती त्याने एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवून कवी मालार्मे ह्यास भेट दिल्या. दोन्हींमधील फरक हाच जणू त्या भेटीचा विषय होता. ज्या माध्यमाचा हेतू सारखेपणा, त्यातून त्याने भेद उत्पन्न केला. त्याच वर्षी त्याने ‘ओव्हिरी’ ह्याच नावाचे सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचे मृत्तिकाशिल्प केले; त्यावर झिलई काही भागांसच दिली असून उरलेली माती भट्टीतून जशी निघाली तशीच उघडी ठेवली आहे. डिसेंबर १८९४ मध्ये पॅरिसमधील व्हेर्साँजेतोरी रस्त्यावरील आपल्या चित्रशाळेत त्याने हे मुद्रणप्रयोग निमंत्रितांना दाखविले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहता येईल. लुई र्वाने शाई भरपूर लावली, आणि सुईचे नाजूक ओरखडे त्या शाईने भरून गेले. पोलाने शाई काटकसरीने व समान लावली, म्हणून सर्व ओरखडे दिसले. दोघांचीही कामे मुद्रक म्हणून सुसंगत होती, कारण दोघांनीही ठशाला मूळ आणि प्रतीला त्याची नक्कल मानले. गोगँच्या लेखी ठसा हे एक हत्यार होते, पटाशीसारखेच. त्याच्या साहाय्याने प्रत्येक कागदावर नवे चित्र करावयाचे होते. पोलाच्या आवृत्तीचे मोल म्हणून कमी होत नाही. गोगँने काय कोरले हे तीवरूनच सर्वांत नीट कळते. आणि त्यातील किती भाग त्याने छापताना मुद्दाम लपविला, हेही तिच्याशी तुलना केल्यावाचून कळत नाही.

५

१८९५ मध्ये गोगँ ताहितीस परतला तो कायमचा. १८९८–९९ मध्ये त्याने आणखी चौदा काष्ठठसे कोरले. येथे पॅरिसची साधनसामग्री नव्हती. हाती लागलेल्या फळ्या आणि अतिशय पातळ जपानी कागद ह्यांवर काम भागवावे लागले. ह्या अडचणीतून त्याने एक नवीन युक्ती काढली. ठसा एका अवस्थेत कोरून त्याच्या प्रती फिक्या शाईत काढावयाच्या. मग तोच ठसा आणखी खोदून दुसऱ्या अवस्थेतील प्रत पातळ कागदावर छापावयाची, आणि ती पहिल्या प्रतीवर नेमकी बसवून चिकटवावयाची. वरच्या पारदर्शकप्राय कागदातून खालची, आता ठशावरून नष्ट झालेली अवस्था अंधुक दिसत राहते. १९०० च्या आरंभी सुमारे ४७५ प्रती त्याने पॅरिसमधील कलाविक्रेता व्होलार ह्याच्याकडे पाठविल्या. व्होलारला त्यांत फारसे स्वारस्य वाटले नाही. पुढे एका पत्रात गोगँने आपल्या मित्रास कळविले की, हे ठसे मुद्रणकलेच्या आदिकाळाकडे परत जातात म्हणूनच ते महत्त्वाचे आहेत. येथे ‘आदिम’ हा शब्द त्याने ताहितीच्या लोकांसाठी न वापरता मुद्रणाच्या एका रीतीसाठी वापरला आहे. त्याच्या आदिमतेचे खरे स्थान कोणते, ह्याविषयी ह्याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण.

ह्याच काळात त्याने आणखी एक तंत्र सिद्ध केले. एका कागदावर रुळाने छपाईची शाई लावावयाची, त्यावर दुसरा कोरा कागद पालथा घालावयाचा, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने चित्र काढावयाचे. दाब पडेल तेथे खालची शाई वरच्या कागदाला धरते. १९०२ मध्ये ग्युस्ताव फाये ह्या संग्राहकास लिहिताना त्याने ही कृती एखाद्या बालसुलभ गोष्टीप्रमाणे वर्णिली आहे. पण परिणाम बालसुलभ नाही. पाठीवर पेन्सिलीची स्वच्छ, शिस्तशीर रेषा असते. दर्शनी बाजूस तीच रेषा फाटल्यासारखी, धुळकट, डागाळलेली उमटते, आणि बोटांच्या व तळव्याच्या अनाहूत दाबाने उठलेले डागही तिच्याभोवती साचतात. एकाच कागदाच्या दोन बाजू पाहिल्या म्हणजे ‘प्राचीनता’ कशी तयार होते ह्याचे प्रात्यक्षिकच मिळते. एका बाजूस पॅरिसमध्ये घडलेला आधुनिक रेखाटनकार, दुसऱ्या बाजूस जणू गुहेच्या भिंतीवर उमटलेली आकृती. मध्ये अंतर केवळ कागदाच्या जाडीचे.

१९०१ मध्ये तो मार्केझास बेटांपैकी हिव्हा ओआवरील आतुओना गावी गेला. तेथील आपल्या घराच्या दाराभोवती त्याने सेकोया लाकडाच्या पाच कोरीव फळ्या बसविल्या. त्यांवर ब्रिटनीत कोरलेलीच दोन वचने, गूढ राहण्याचे आणि प्रेमात राहण्याचे, पुन्हा कोरलेली आहेत. ८ मे १९०३ रोजी त्याच गावी त्याचा मृत्यू झाला. ब्रिटनीतील फळी आणि मार्केझासमधील फळी ह्यांवर एकच मजकूर असावा, ही बाब बोलकी आहे. जे गूढ त्याने दक्षिण समुद्रात शोधले असे सांगतात, ते तिकडे जाण्यापूर्वीच त्याच्या पटाशीत होते.

६

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. तंत्राच्या ह्या चर्चेत गोगँच्या आचरणाचा प्रश्न बाजूस पडत नाही काय? तो प्रश्न खरा आहे. ‘मानाओ तुपापाउ’मध्ये पालथी पडलेली, भयभीत आकृती तेहाआमाना ह्या मुलीची आहे. ती सुमारे तेरा वर्षांची होती, असे गोगँच्याच लिखाणावरून दिसते. वसाहतीच्या सत्तेचे कवच अंगावर असलेल्या चाळिशी उलटलेल्या युरोपीय पुरुषाने तिला सहचारिणी म्हणून घरात आणले, आणि हा प्रसंग निसर्गावस्थेतील निष्पाप जीवनाचे चित्र म्हणून रंगविला. ‘त्या काळी तसेच चाले’ एवढे म्हणून हे मिटविता येणार नाही. कारण तसे चालू शकत होते ते ज्या व्यवस्थेमुळे, त्याच व्यवस्थेने त्या मुलीच्या पूर्वजांचे देव लंडनला पोहोचविले होते.

पण तंत्राचा विचार ह्या प्रश्नापासून दूर नेत नाही, उलट त्याच्या अधिक जवळ नेतो असे वाटते. गोगँची आदिमता ही सापडलेली वस्तू मानली, तर त्याच्या चित्रांना आपण नकळत ताहितीविषयीचा पुरावा मानतो. आणि मग त्या अंधारातील मुलगी खरोखरच भुताला भ्याली होती की समोरच्या माणसाला, हा प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण चित्राने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. उलट, तो अंधार शाईचा आहे, ते भूत सुईने खरवडलेले आहे आणि त्या कथा मोरेनहाउटच्या ग्रंथातील आहेत, हे एकदा ठशाठशाने दाखविता आले, की चित्र आणि मुलगी ह्यांच्यात पुन्हा अंतर पडते. त्या अंतरात तिच्याविषयी विचार करण्यास जागा राहते. चित्राच्या सामर्थ्याला त्यामुळे उणेपणा येतो असे नाही. ते सामर्थ्य कोणाचे, हे मात्र निश्चित होते.

पुढील कलेवर गोगँच्या ह्या प्रयोगांचा परिणाम दूरवर झाला. नॉर्वेचा एड्वर्ड मुंक १८९६ मध्ये पॅरिसला असताना काष्ठठशांकडे वळला; गोगँचे ठसे त्याच्या पाहण्यात आले असावेत, असे अभ्यासक मानतात. मुंकने फळीचे तंतू उघडे ठेवले आणि ठसा करवतीने तुकडे तुकडे करून प्रत्येकास निराळी शाई लावली. १९०५ मध्ये ड्रेस्डेन येथे स्थापन झालेल्या ‘ब्र्युके’ ह्या गटातील तरुण जर्मन चित्रकारांनी ओबडधोबड काष्ठठसा हेच आपले प्रमुख माध्यम केले. १९०६ मध्ये पॅरिसच्या शरद्-प्रदर्शनात गोगँच्या समग्र कार्याचे दर्शन घडले, त्याचा प्रभाव पिकासोवर पडला. तरीही मुद्राचित्रे व कोरीवकाम ह्यांना त्याच्या तैलचित्रांच्या बरोबरीने अभ्यासण्याची प्रथा पुष्कळ उशिरा पडली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मुख्यतः ह्याच कृतींना वाहिलेले एक प्रदर्शन भरविले, ते त्या दृष्टीने उल्लेखनीय होय.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्यातून एक साधा नियम निघतो. ग्रंथात ‘गोगँ, ते पो, काष्ठठसा’ एवढेच चित्राखाली छापलेले असते. ती प्रत गोगँची, र्वाची की पोलाची, हे विचारल्याखेरीज तिच्याविषयी एक शब्दही लिहू नये. कारण ‘गूढ’, ‘आदिम’, ‘अंधुक’ ही विशेषणे एका प्रतीला लागू पडतील आणि त्याच ठशाच्या दुसऱ्या प्रतीला मुळीच लागू पडणार नाहीत. शाई किती, कागद कोणता, दाब कोणाच्या हाताचा, हे प्रश्न कारागिराचे म्हणून दुय्यम समजण्याची आपल्याकडे सवय आहे. निदान ह्या एका कलावंताच्या बाबतीत तरी अर्थाचे सर्व प्रश्न ह्याच प्रश्नांच्या उंबरठ्यावरून आत जातात.